पुणे अधिक ला

माझी आत्या साताऱ्यात राहते. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाली. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला तपासणीसाठी पुण्याला यायचं होतं. बसच्या तिकिटांचं एक ॲप मीच तिच्या फोनवर टाकून दिलं, तिकीटही मीच काढलं, आणि "वेळेत बदल झाला तर मेसेज येईल, तू निवांत राहा" असंही मीच सांगितलं.

वेळेत बदल झाला. मेसेजही आला.

"प्रिय ग्राहक, तुमची बस सातारा हून ०५:४० ला सुटेल. बोर्डिंग पॉइंट पाहण्यासाठी येथे क्लिक करा."

आत्यानं तो वाचला आणि पुसून टाकला. साडेसहाच्या हिशेबानं ती थांब्यावर पोचली तेव्हा बस जाऊन पाऊण तास झाला होता. मग एसटीनं, निम्मा रस्ता उभं राहून, डोळ्याला काळा चष्मा लावून ती पुण्यात आली.

मी चिडले. "आत्या, मेसेज आला होता ना? वाचला नाहीस?"

"वाचला की. अगं, पण 'सातारा हून' कोण लिहितं? मला वाटलं, ते वीजबिलाच्या नावानं फसवतात ना, त्यांच्यापैकी कुणीतरी. धड मराठी येत नाही, आणि वर म्हणतो क्लिक करा."

मी गप्प बसले. कारण त्या ॲपच्या कंपनीत मी नोकरीला होते, मेसेज पाठवणाऱ्या टीममध्ये. ती ओळ मी लिहिली होती.

हा लेख त्या ओळीविरुद्ध आहे. म्हणजे माझ्याविरुद्ध आहे, आणि तुमच्या फोनमधल्या असंख्य ॲपांमध्ये तशीच ओळ लिहून ठेवलेल्या माझ्या व्यवसायबंधूंविरुद्धही.

ओळ

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत चलांची नावं देवनागरीतही ठेवता येतात. कुणी ठेवत नाही, पण ठेवता येतात. त्यामुळे माझी ओळ इथे मराठीतच दाखवते:

"तुमची बस " + शहर + " हून " + वेळ + " ला सुटेल."

अवतरणचिन्हांत आहे तो ठरलेला मजकूर. 'शहर' आणि 'वेळ' या रिकाम्या जागा, प्रत्येक प्रवाशासाठी वेगळ्या भरल्या जाणाऱ्या. आणि त्यांना एकत्र आणणारं ते अधिकचं चिन्ह. प्रोग्रॅमिंगमध्ये अक्षरांच्या माळेला 'स्ट्रिंग' म्हणतात, आणि दोन माळा एकमेकींना जोडण्याचं हे काम कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. "हॅलो " + नाव. पडद्यावर आपलं नाव उमटतं, वर्ग खूश होतो. त्या आठवड्यात जे डोक्यात बसतं, ते पुढे कधीच निघत नाही.

डोक्यात बसतं ते असं: वाक्य म्हणजे तुकड्यांची बेरीज.

हे चिन्ह खोटं बोलतं

मुळात ही बेरीज नाहीच. तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन सारखेच. पण 'घर' अधिक 'काम' म्हणजे 'घरकाम', आणि 'काम' अधिक 'घर' म्हणजे काहीच नाही. जावात १ + २ + "बस" लिहिलं तर '३बस' मिळतं, आणि "बस" + १ + २ लिहिलं तर 'बस१२'. कारण डावीकडून जाताना पहिल्यांदा आकडे भेटले तर हे चिन्ह बेरीज करतं, आणि एकदा का मजकूर भेटला की तिथून पुढे चिकटवत सुटतं.

गंमत म्हणजे १९९५ मध्ये जावा बाहेर आली तेव्हा तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणाचा नियम केला होता: प्रोग्रॅमरला अधिक-उण्याच्या चिन्हांचे अर्थ स्वतःच्या मर्जीनं बदलता येणार नाहीत. त्याआधीच्या सी प्लस प्लसमध्ये ती मुभा होती, आणि तिच्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, असं त्यांचं म्हणणं. पण स्ट्रिंगसाठी त्यांनी स्वतःच अपवाद केला. सोय म्हणून. पीएचपीनं जोडणीसाठी वेगळं चिन्ह घेतलं, साधा टिंब. जावानं बेरजेचंच चिन्ह उसनं घेतलं, आणि त्या चिन्हाबरोबर एक समजूतही आली: जोडल्यानं तुकडे बदलत नाहीत.

जावात ते अक्षरशः खरं आहे. तिथली स्ट्रिंग एकदा तयार झाली की तिच्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. दोन स्ट्रिंग जोडल्या की त्या दोन्ही जशाच्या तशा राहतात आणि तिसरीच, नवी, तयार होते. आधीच्या दोन्हींतली अक्षरं तिच्यात उतरवून घेतली जातात.

आम्ही काय दुरुस्त केलं

या उतरवून घेण्याला वेळ लागतो. समजा, एकेक अक्षर जोडत दहा हजार अक्षरांचा मजकूर बनवायचा आहे. प्रत्येक फेरीत आधीचा सगळा मजकूर पुन्हा उतरवला जातो: पहिल्यांदा एक अक्षर, मग दोन, मग तीन, असं दहा हजारांपर्यंत. एकूण झाली ५ कोटी ५ हजार अक्षरं. हाती आली दहा हजार.

हा उधळेपणा इंजिनिअरांना सहन झाला नाही. जावात पहिल्यापासून 'स्ट्रिंगबफर' नावाची सोय होती: एक वाढती वही, तिच्यात शेवटी लिहीत जायचं. २००४ च्या जावा ५ मध्ये तिची हलकी आणि वेगवान बहीण आली, 'स्ट्रिंगबिल्डर'. २०१७ च्या जावा ९ मध्ये तर अधिकच्या चिन्हामागची सगळी यंत्रणाच बदलली, आणि जोडणी नेमकी कशी करायची हे प्रोग्रॅम चालू असताना ठरवण्याची सोय झाली. (फेऱ्यांमधला उधळेपणा त्यानंही गेला नाही. तो आजही आपला आपण टाळावा लागतो.)

मी दिलेल्या जवळजवळ प्रत्येक इंटरव्ह्यूत मला विचारलंय, "स्ट्रिंगबफर आणि स्ट्रिंगबिल्डरमध्ये फरक काय?" उत्तर पाठ आहे, झोपेतही देईन. पुढे मी स्वतः इंटरव्ह्यू घ्यायला लागले तेव्हा मीही तेच विचारलं. एका मेसेजच्या जोडणीतले काही नॅनोसेकंद वाचवण्याबद्दल आम्ही एकमेकांची अशी परीक्षा घेत आलो.

त्या मेसेजमध्ये काय लिहिलंय, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मराठी माणसांनी भरलेल्या पुण्यातल्या एका ऑफिसात 'सातारा हून' हे शब्द कोड तपासणाऱ्या तिघांच्या नजरेखालून गेले. त्यातला एक कराडचा होता.

मराठी कशी जोडते

मराठीत जोडल्यावर शब्द बदलतो. आपण दिवसभर हे करत असतो, म्हणून ते दिसत नाही. 'रस्ता' आणि 'वर' मिळून 'रस्त्यावर'. 'डबा' आणि 'त' मिळून 'डब्यात'. 'फूल' आणि 'ला' मिळून 'फुलाला': ऊकार ऱ्हस्व झाला आणि मध्ये एक 'आ' आला. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द जे रूप घेतो त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. शाळेत याच्यावर दोन मार्कांचा प्रश्न असायचा. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली छापलेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त याची सविस्तर चर्चा आहे. आणि बघा, 'दामल्यांनी' लिहिताना मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. माझ्या ॲपनं 'दामले नी' असं लिहिलं असतं.

कुणी म्हणेल, ही अपवादांची रडगाणी आहेत. म्हणून मी मोजलं. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. त्यांच्या नावांना 'ला' लावून पाहा. पुणे, ठाणे, धुळे, सातारा, अकोला, भंडारा, बुलढाणा, जालना, वर्धा, ही नऊ नावं बदलतात: पुण्याला, ठाण्याला, धुळ्याला, साताऱ्याला, अकोल्याला, भंडाऱ्याला, बुलढाण्याला, जालन्याला, वर्ध्याला. बरोबर एक चतुर्थांश. आणि शेवटी 'आ' असलं की बदलायचं, असा सोपा नियमही करता येत नाही, कारण गोंदियाला आपण गोंदियालाच म्हणतो. 'ला' ऐवजी 'त' लावा, आणखी नावं हलतात: कोल्हापुरात, लातुरात, नाशकात.

ही फक्त गावांची नावं. माणसांकडे आलं की लिंग येतं. प्रवासी बसमध्ये बसला की घरच्यांना मेसेज जायचा: नाव + " बसमध्ये चढला आहे." माझ्या आईला माझ्याबद्दल हा मेसेज दीड वर्ष येत होता. घरात त्याच्यावरून विनोद व्हायचे. रात्रीच्या बसनं एकटी निघालेली मुलगी सुखरूप बसली की नाही हे ज्या एका ओळीवरून आईला कळायचं, त्या ओळीत ती मुलगीच नव्हती.

इंग्रजीत हे सगळं इतकं बोचत नाही. तिथे 'कडून', 'ला', 'मध्ये' या अर्थाचे शब्द नावाआधी सुटे येतात, आणि गावाचं नाव हलत नाही. हिंदीत ते नावानंतर येतात, पण सुटेच, आणि आजच्या हिंदीत गावाचं नाव बहुधा जसंच्या तसं राहतं. ही वाक्यं इंग्रजीसाठी कापली जातात, मग हिंदीत भरली जातात, आणि शेवटी मराठीची पाळी येते. माझ्यासमोर एक तक्ता होता. त्यात एका ओळीत 'युवर बस फ्रॉम' आणि दुसऱ्या ओळीत 'विल लीव्ह ॲट'. पुढच्या रकान्यात मराठी भरायचं. 'फ्रॉम'च्या पुढे मी 'हून' लिहिलं. कशाला हून, ते त्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

ऑब्जेक्ट म्हणे ओरिएंटेड

मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. जावा ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा. या पद्धतीचं पहिलं तत्त्व काय शिकवतात? वस्तूजवळ नुसती माहिती नसावी, तिला आपलं वागणंही ठाऊक असावं. बँकेचं खातं असेल तर शिल्लक त्याच्याजवळ, आणि पैसे काढताना काय तपासायचं हेही त्यालाच माहीत. बाहेरच्यानं येऊन आत हात घालायचा नाही. चार वर्षं हे घोकलं आम्ही.

आणि मग 'शहर' आलं की त्याची काय वस्तू केली? नुसती अक्षरांची माळ. जावात कुठलीही वस्तू स्ट्रिंगला जोडली की भाषा तिला एकच प्रश्न विचारते: तुझा मजकूर काय? वस्तू आपलं नाव सांगते, ते चिकटवलं जातं. वस्तूच जाग्यावर नसेल तर 'नल' हा शब्द चिकटवला जातो, आणि ग्राहकाला 'नमस्कार नल' असा मेसेज जातो. तुम्हालाही कधीतरी आला असेल.

"'हून' लागल्यावर तू कशी होतेस?" हा दुसरा प्रश्न आम्ही पुण्याला, साताऱ्याला कधी विचारलाच नाही. तो विचारायला नवी भाषा नको होती, नवं संशोधन नको होतं. 'शहर' नावाच्या वस्तूत नावाशेजारी एक जागा जास्त हवी होती: सामान्यरूप. पुणे, पुण्या. सातारा, साताऱ्या. मग 'हून', 'ला', 'चा' काहीही लावा.

आमच्याच फोनमध्ये हे काम कुणीतरी आधी नीट करून ठेवलंय, हे आणखी लाजिरवाणं. 'क', हलन्त आणि 'ष' अशी तीन चिन्हं ओळीनं आली की पडद्यावर तीन चिन्हं दिसत नाहीत, 'क्ष' दिसतो. जावाला विचाराल तर ती लांबी तीन सांगेल, पण फॉन्टला ठाऊक असतं की देवनागरीत अक्षरं जोडली की रूप बदलतं. 'आचार्यांना' नमस्कार करायचा की 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगायचा हा फरक दाखवणाऱ्या मराठीच्या त्या आडव्या 'र'चीही युनिकोडमध्ये सोय आहे. फॉन्ट बनवणाऱ्यांनी लिपी शिकून घेतली. ॲप बनवणाऱ्या आम्ही मराठी बोलणाऱ्यांनी आपलीच भाषा बाजूला ठेवली.

"पण कळतं ना?"

हे आमच्या मॅनेजरचं पहिलं वाक्य. कळतं ना लोकांना? तुला-मला कळतं. आपण मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतो. पण ज्यांच्या हातात फोन उशिरा आला, ज्यांना रोज कुणी ना कुणी फसवायला टपलेलं असतं, त्यांच्याकडे खरा मेसेज ओळखण्याच्या खुणा थोड्याच असतात. भाषा ही त्यातली एक. मोडकी मराठी म्हणजे परका माणूस, सावध राहा, ही आत्याची खूण चुकीची नव्हती. ती खूण आम्ही निकामी केली. खरी कंपनीही चोरासारखीच बोलायला लागली तर माणसानं ओळखायचं कशावरून?

दुसरं वाक्य: "कुणी तक्रार केलीय का?" नाही केली. ज्याला मेसेज फसवा वाटतो तो तक्रार करत नाही, पुसून टाकतो.

तिसरं: "भाषा बदलत असते, एवढं शुद्धलेखन कशाला?" मी शुद्धलेखनवाली नाही. या लेखातच मी 'मेसेज' आणि 'क्लिक' लिहिलंय, आणि त्याची मला लाज नाही. 'पुणे ला' ही बोली असती तर मी आनंदानं छापली असती. पण वऱ्हाडी माणूस 'पुण्याले' म्हणतो, मालवणी माणूस 'पुण्याक' म्हणतो. प्रत्यय बदलला तरी सामान्यरूप जाग्यावर आहे. 'पुणे ला' ही कुणाच्याही आजीची भाषा नाही, ती अधिकच्या चिन्हाची भाषा आहे. आज दुसरीतलं पोर पुस्तकापेक्षा फोनच्या पडद्यावर जास्त मराठी वाचत असेल, तर उद्या ते काय लिहील?

चौथं, आणि एवढंच प्रामाणिक: "वेळ नाही." ठीक आहे. तर निदान आळस तरी मराठीत करा. एसटीच्या स्थानकांवर आणि सरकारी कागदांवर 'सातारा येथून' असं लिहितात, ते उगाच नाही. 'येथून' लावलं की नावाला हात लावावा लागत नाही. 'चढला आहे' ऐवजी '… यांनी प्रवास सुरू केला आहे' लिहा, लिंगाचा प्रश्नच येत नाही, क्रियापद प्रवासाच्या मागे जातं. थोडं कोरडं वाटेल, पण चूक नाही. फॉर्म भरणाऱ्या कारकुनांनी रिकाम्या जागांचा हा प्रश्न संगणकाच्या आधीच सोडवलाय.

आणि वेळ असेल तर वाक्य कापूच नका. अख्खं वाक्य एकत्र ठेवा, रिकाम्या जागांना क्रमांक द्या, आणि प्रत्येक भाषेच्या माणसाला त्या जागा हव्या तिथे हलवू द्या. जावात यासाठी 'मेसेजफॉरमॅट' आहे, १९९७ च्या जावा १.१ पासून. म्हणजे माझ्या त्या बॅचमधल्या काही मुलांच्या वयापेक्षाही जुनं. साधन नव्हतं असं म्हणायला आम्हाला तोंड नाही.

एक संध्याकाळ

शेवटी मी ते न विचारता केलं. एका शुक्रवारी सगळे गेल्यावर बसले. छत्तीस जिल्हे, मग आमच्या बस जिथे थांबतात ती बाकीची गावं. प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणायचं, 'हून' लावायचं, जे तोंडातून येईल ते लिहायचं. कुठलंही पुस्तक उघडावं लागलं नाही. दोन-तीन गावांसाठी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "चौथीच्या पोरांचा गृहपाठ करतेयस काय?" रात्री नऊला काम संपलं. सोमवारी मेसेजची वाक्यं अखंड केली. मेसेज तयार व्हायला आधीपेक्षा किती नॅनोसेकंद जास्त लागतात ते मी मोजलेलं नाही, आणि ते मला कुणी विचारलंही नाही.

तुम्ही यातलं कोड लिहीत असाल, तर तुमच्या प्रोजेक्टमध्ये अधिकचं चिन्ह शोधा. दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं आणि मध्ये मराठी दिसली की ती ओळ मोठ्यानं वाचा. घरी ज्या भाषेत बोलता त्या कानांनी ऐका. आणि तुम्ही फक्त वाचणारे असाल, तर पुसून टाकू नका. तक्रार करा. एकच ओळ पुरे: आम्ही 'पुणे ला' जात नाही, पुण्याला जातो.

पुढच्या तपासणीच्या वेळी बस पुन्हा अलीकडे आली. मेसेज गेला: "तुमची बस साताऱ्याहून ०५:५० ला सुटेल."

पाच मिनिटांनी आत्याचा फोन. "ही बस खरी दिसते गं. येते मी."